ढेकण्या आणि हिंगा

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ऑफिसातून सुटून दादरच्या फुलबाजारात गेले, झेंडू आणि भाताच्या लोंब्या घेतल्या. घरी पोचेपर्यंत पायांचे तुकडे पडले होते. तोरण मात्र सासूबाईच ओवणार. कंबर मोडल्यापासून त्या खाटेवर आहेत. हात आणि तोंड तेवढं शाबूत आहे.

लोंब्यांची जुडी सोडली तसा एक ढेकण्या उडाला आणि खोलीभर घाणेरडा वास सुटला.

"शी! काय उचलून आणलंस गो?"

माझं माहेर जुन्नरकडचं, भात-बाजरीचं. म्हटलं, "ढेकण्या आहे. जरा धक्का लागला की घाण सोडतो, बाकी काही करत नाही." आमच्या सासूबाईंचंही तेच, पण ते मनातच ठेवलं.

मग झेंडूतून हिंगा निघाला. काळा, नारिंगी पट्ट्यांचा, दिसायला देखणा. याला ना वास, ना डंख. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी तो दंडावर चिरडला. मी साबणाने दंड धुतला. पाणी गार म्हणून बोलणी खाल्ली. हिंगा चिरडला तर त्या वेळी काहीच कळत नाही. कातडी फुगते ती नंतर, भाजल्यासारखी.

सकाळी फोड आलेच. दुपारी वरळीहून नणंद सोनं द्यायला आली. आईचा दंड बघून तिने हळूच विचारलं, "चटका बसला का गं वहिनी आईला?"

"हिंगा चिरडला. फुलांतून आला होता."

"शेतातला किडा? चौथ्या मजल्यावर?" ती हसली, मोबाइल काढून फोडांचा फोटो घेतला. "दादाला पाठवते."

तिला काय म्हणायचंय ते कळलं. या बाईचं हगणं-मुतणं मी काढते, आणि मीच तिला डागलं! पण इतकी दमले होते की रागही येईना. मी चहा ओतत राहिले.

"ठेव तो फोन," सासूबाई कडाडल्या. "हिनं चटका दिला असता तर मी गप्प बसले असते होय? अख्खी बिल्डिंग गोळा केली असती!"

नणंदेने मुकाट्याने फोन पर्समध्ये टाकला. इतक्या वर्षांची त्यांची कुरकुर त्या दिवशी माझ्या बाजूने उभी राहिली. मला रडू फुटलं.

"रडतेस काय? चहा गार झालाय."

मी तो गरम करून आणला.

त्यांचे फोड आठवड्यात बसले. मला मात्र नणंदेचा प्रश्न दोन दिवसांनी भांडी घासताना झोंबायला लागला, तो अजून झोंबतो. किती हळू विचारला होता तिने.