नाव सांगत नाही, पण…

“शुक्रवारपर्यंत लीनाची फेलोशिप कॅन्सल कर,” कॅरल म्हणाली. “कारण विचारलं तर पर्सनल म्हण.”

“पुरावा?” मी विचारलं.

“मंजिरी, तुला आणखी काय पुरावा पाहिजे?”

कॅरल आमची डायरेक्टर आणि मी प्रोग्रॅम मॅनेजर. ऑफिस वॉशिंग्टनमध्ये, माझं घर अ‍ॅशबर्नला. गोष्ट २००६च्या हिवाळ्यातली. युद्ध नुकतंच संपलंय अशा देशांतली विशी-पंचविशीतली मुलंमुली आमची छोटी संस्था वर्षभरासाठी अमेरिकेत आणायची. सकाळी क्लास, दुपारी एखाद्या पॉलिसी ऑफिसात काम. विषयाचं नाव भारदस्त, ट्रान्झिशनल जस्टिस. नागपूरला आईला मी सोपं करून सांगितलं होतं. लढाई थांबली तरी मारणारे आणि मार खाल्लेले पुन्हा एकाच गल्लीत राहणार असतात. मग जुन्या अत्याचारांचं काय करायचं? खटले भरायचे, की सगळ्यांसमोर खरं बोलायला लावायचं? माफी कोणी मागायची, कशी मागायची? आई म्हणाली, “म्हणजे भाऊबंदकी मिटवायचा पगार घेतेस तू.” जवळपास तेच.

त्या वर्षी एकाच देशातल्या दोन मुली होत्या. देशाचं नाव सांगत नाही, मुलींची नावंही मीच ठेवलेली आहेत. सारा मार खाल्लेल्या बाजूची. लीना दुसऱ्या बाजूची, तिचे वडील सरकारात अधिकारी. शांततेचा अभ्यास करायला आल्यात तर एकत्र राहून दाखवू दे, म्हणून कॅरलने दोघींना एकच अपार्टमेंट दिलं होतं. आश्चर्य म्हणजे त्या चांगल्या राहत होत्या. स्वयंपाकावरून भांडायच्या तेवढंच.

ऑक्टोबरात आमचं बंद दाराआडचं सेशन झालं. खोलीत फक्त फेलो, कॅरल आणि मी. तिथला नियम या धंद्यात सगळे पाळतात. ऐकलेली गोष्ट बाहेर सांगितली तर चालते, पण ती कोणाची ते सांगायचं नाही. त्या भरवशावर मुलं मन मोकळं करतात. सारानेही केलं. लहानपणी तिने छतावरून पाहिलं होतं, नदीकाठच्या शाळेच्या आवारातून सैनिकांनी माणसं नेली ते. ती माणसं परत आली नाहीत. तिचा भाऊ आज त्याच शाळेत शिकवतो, हेही ती बोलून गेली.

डिसेंबरात त्या भावाला पोलिसांनी चौकीवर बोलावलं. “तुझी बहीण अमेरिकेत आपल्या शाळेबद्दल काय सांगत फिरते?” असं विचारून संध्याकाळी सोडलं. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. आणि पुन्हा. सारा माझ्या टेबलासमोर बसून म्हणाली, “मिस मंजिरी, एक दिवस ते त्याला घरी सोडणार नाहीत.” मी चहा दिला, तो तसाच गार झाला.

खोलीतलं बाहेर गेलं कसं?

मी मुळातच संशयी बाई. दुधाने तोंड न पोळताही ताक फुंकून पिणारी. मी एकेकाकडे बघायला लागले. अमका फेलो फार प्रश्न विचारतो, का? तमका लंचला कोणाबरोबर जातो? एकदा तर मला वाटलं, साराच कुठेतरी बोलली असेल आणि आता विसरली असेल. डोकं एकदा त्या रस्त्याला लागलं की सगळेच चोर दिसतात.

लीना तर सगळ्यात जास्त. वडील सरकारात. रोज संध्याकाळी कडाक्याच्या थंडीत कोट घालून बाल्कनीत फोनवर बोलायची. एकदा मी हीटर बंद पडल्याची तक्रार बघायला गेले, तर मला पाहताच तिने फोन ठेवला. आत बसून साराला कळणार नाही असं बोलायची सोय नव्हती. दोघींची भाषा तर एकच! म्हणजे सारापासूनच काहीतरी लपवायचं होतं. हे मी कॅरलला सांगितलं, आणि त्यावरच तिने फेलोशिप कॅन्सल करायला काढली.

“तूच तर सांगितलंस,” कॅरल म्हणाली.

“मी संशय सांगितला. संशय हा माझा स्वभाव आहे कॅरल, पुरावा नाही. फेलोशिप गेली की तिचा व्हिसा गेला. परत जाऊन ती काय तोंड दाखवेल?”

“आणि साराच्या भावाला काही झालं तर?”

शुक्रवारच्या आधी काही करायचं नाही, एवढंच मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

बुधवारी मी घरून काम करत होते. दुपारी एडिसनला राहणाऱ्या सुलभाचा फोन आला. सुलभा माझी कॉलेजची मैत्रीण. भाजी ढवळताढवळता मी तिला म्हटलं, “नाव नाही घेत हं, पण आमच्याच लेनमधली, नवरा डेटा सेंटरला, आत्ताच किचन नवं केलंय, ती म्हणे वेगळी राहायला जातेय.” माझी लेक ईशा शाळेतून येऊन दुधातलं सीरियल खात बसली होती. ती म्हणाली, “आई, दॅट्स रेवती मावशी. एव्हरीबडी विल नो.”

“मी नाव घेतलं का?” मी तिला दटावलं. “मोठ्यांच्या बोलण्यात नाक खुपसू नये.”

“यू डिडन्ट हॅव टू,” ती म्हणाली, आणि बाऊल सिंकमध्ये टाकून वर निघून गेली. अगदी आगाऊ कार्टी.

गुरुवारी आमचं रिसेप्शन होतं. वॉशिंग्टनमध्ये अशी रिसेप्शन्स उठसूट असतात. छातीला नावाचा स्टिकर, हातात चीजचे तुकडे आणि तोंडात एकच प्रश्न, “सो, व्हॉट डू यू डू?” देणगीदार येतात, प्रोफेसर येतात, आणि सगळ्या देशांच्या एम्बसीतली माणसंही येतात. त्यांना बोलावलं नाही तर पुढच्या वर्षी मुलांच्या परवानग्या अडतात. मी कॅरलच्या मागे पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते. ती एका देणगीदार बाईंना सांगत होती. शेजारी सारा-लीनाच्या देशाच्या एम्बसीतले एक गृहस्थ हसतमुखाने उभे होते.

“नाव सांगणार नाही, आमचा नियम आहे,” कॅरल म्हणाली, “पण आमच्या एका फेलोने लहानपणी छतावरून पाहिलं…”

तोच सूर! माझाच सूर, भाजी ढवळतानाचा. नाव नाही घेत हं, पण. आणि मग छत, नदी, शाळा, आवार, सगळं आलं. “आणि विचार करा, तिचा भाऊ आजही तिथेच शिकवतो! केवढी ही क्षमाशीलता!” देणगीदार बाईंचे डोळे भरून आले.

एम्बसीतले गृहस्थ अदबीने म्हणाले, “फार हृदयस्पर्शी. तुम्ही नोव्हेंबरच्या कार्यक्रमातही सांगितली होतीत मला.”

कॅरलचा हात हवेत तसाच राहिला. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. त्या देशातल्या दोन मुली. त्यांतल्या एकीलाच नदीकाठ, एकीलाच मास्तर भाऊ. नाव सांगायची गरजच काय?

शुक्रवारी सकाळी कॅरलने सगळ्या फेलोंना बोलावलं. लीना बॅग भरूनच आली होती. तिला कुणकुण लागली होती. कॅरल उभी राहिली. जगभरातल्या सरकारांनी माफी कशी मागावी, यावर ती व्याख्यानं द्यायची.

“गेल्या काही आठवड्यांत,” ती म्हणाली, “काही माहिती अनवधानाने बाहेर गेली असावी. कोणाला त्रास झाला असल्यास संस्थेला खेद आहे.”

मग सारा शांतपणे म्हणाली, “कॅरल, दुसऱ्या आठवड्याचा क्लास. ‘असल्यास’ म्हटलं की ती माफी नसते. कोणी केलं, काय केलं, कोणाला केलं. तुम्हीच शिकवलंत.”

कॅरलचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ही बाई दार आपटून जाते. पण ती खाली बसली.

“मी सांगितलं,” ती म्हणाली. “तुझी गोष्ट, सारा. मी. दोनदा. आणि लीना, आळ तुझ्यावर घेतला, तोही मीच.”

लीना रडायला लागली. बाल्कनीतले फोन वडिलांनाच होते, तिने सांगितलं. साराच्या भावासाठी एक शब्द टाका म्हणून ती रोज त्यांची मनधरणी करत होती आणि ते रोज नाही म्हणत होते. पोलिसांना थांबवण्याएवढं आपल्या वडिलांचं वजन आहे, तरी ते नाही म्हणतात, हे साराला कळू नये म्हणून कोट घालून बाहेर. मी तिच्यावर पाळत ठेवली होती, हे आठवून मला खाली बघावंसं वाटलं.

कॅरलने स्टेट डिपार्टमेंटमधल्या ओळखी कामाला लावल्या. चौकीची बोलावणी थांबली. पण साराच्या भावाने शाळा सोडली ती सोडलीच. दूरच्या शहरात तो कसलंसं दुकान चालवतो असं शेवटचं कळलं. दोघी मुलींनी वर्ष पूर्ण केलं, आणि सामान बांधताना पातेल्यावरून भांडल्या.

मी मात्र एक धडा घेतला. नाव झाकल्याने माणूस झाकत नाही. रेवतीबद्दल मी पुन्हा फोनवर बोलले नाही, सुलभाने खोदून विचारलं तरी. आणि हे सगळं लिहिताना दोन मुलींची नुसती नावंच बदललेली नाहीत. खऱ्या गावात नदी नाही. ते छत नव्हतं, ती शाळाही नव्हती. तो भाऊ होता की आणखी कोणी, हे मी कोणालाच सांगणार नाही.