धार बघणारे डॉक्टर

नव्वदच्या दशकात बारामतीच्या त्या दवाखान्यात ‘तिकडचं दुखणं’ म्हणायला बंदी होती. “तिकडचं म्हंजी कुठलं? भिगवणचं?” असं डॉक्टर खेकसायचे आणि माणूस मोठ्यानं ‘मूत’ म्हणेपर्यंत तपासायचे नाहीत. जन्मापासून मूत्रमार्गात दोष असलेल्या पोरांची ऑपरेशनं ते करत. घर इंदापूरकडच्या मेंढपाळांचं. शिकले खूप, पण बोली काही धुऊन काढली नाही.

माझा धाकटा भाऊ मिलिंद. त्याचं लघवीचं छिद्र टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. बसून मुतावं लागे. निमगाव केतकीच्या शाळेत पोरं त्याला ‘मिली’ म्हणायची. बाई असणं ही शिवी कधीपासून झाली, हे मी तिथंच विचारलं आणि दोघांना बडवलं. मिलिंद मात्र शाळेत पाणी प्यायचाच बंद झाला.

आबा, म्हणजे आमचे वडील, पत्रकं छापून वाटायचे. सरपंचापासून मंत्र्यापर्यंत कुणाला सोडलं नव्हतं. डॉक्टरांसमोर त्यांची वाचा बसली. “पोराला... जरा अडचण हाय.”

डॉक्टरांनी आबांच्या पिशवीतलं पत्रक ओढून वाचलं. “आबा, जगातल्या समद्या गुलामीवर लिवलंय तुमी. मुतावर एक ओळ न्हाय. आन् पोरगं तर मुतायलाच भितंय!”

आबा लाल झाले. मग म्हणाले, “मूत.” कुजबुजल्यासारखं.

“म्होरल्या खेपंला मोठ्यानं म्हना,” डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन झालं, नळी बसवली. दुसऱ्या दिवशी नळीतून थेंब येईना. पाणी पाजलं तर पोरगं मुतेल, मुतलं तर टाके उसवतील, या हिशेबानं आईनं तांब्या खाटेखाली लपवला होता.

“वैनी, मी पाट खांदला आन् तुमी धरणाचं दारच लावून बसला व्हय?” डॉक्टर ओरडले. मग आई तांब्या घेऊन मिलिंदच्या मागंच लागली.

नळी निघाल्यावर डॉक्टरांनी त्याला दवाखान्यामागच्या भिंतीशी उभं केलं. “छाती काड. आबा भाषनाला हुबं ऱ्हात्यात तसं.” बराच वेळ काही होईना. मग धार आली. सरळ, जोरकस, थेट डॉक्टरांच्या चपलेवर.

“एक नंबर!” डॉक्टर चप्पल झटकत म्हणाले. “आबा, छापा आता.”

आबांनी छापलं नाही.

डॉक्टर गेले तेव्हा मिलिंद सोमेश्वरनगरला ट्रॅक्टरनं ऊस वाहत होता. शोकसभेत जो तो ‘रुग्णसेवा’, ‘देवमाणूस’ असं गुळगुळीत बोलत होता. मिलिंद उठला. “मी हुबा ऱ्हाऊन मुततो. त्यांच्यामुळं,” म्हणाला आणि खाली बसला.

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. आबांनी वाजवल्या.