पुलाखालची जागा

हे नवऱ्याला माहीत नाही. लेकीलाही नाही. देवीपुढे दर वर्षी नारळ फोडते, तिथेसुद्धा ओठांवर आलं नाही. तुम्हाला सांगतेय — तुम्हालाच का, ते माझं मलाही नीट कळलेलं नाही.

मी इकडच्या, बोईसरजवळच्या माहीमची. बोईसरच्या बाजारात मासळी विकते. सुमनही माहीमचीच. आमची लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली, सासरची घरं एकाच आळीत, आणि पहिल्यांदा पाटी घेऊन बोईसरला आलो तेही एकाच टेम्पोतून. तेव्हा बाजारात पूल नव्हता. रस्त्याच्या कडेला आम्ही शेजारी शेजारी बसायचो. एकीचे सुटे पैसे संपले की दुसरी द्यायची.

मग बाजारावरून जाणाऱ्या पुलाचं काम निघालं. धूळ, खड्डे, दिवसभर मशिनींची घरघर. मी कंटाळले आणि पुढे कोपऱ्यावर जाऊन बसले. सुमन तिथेच राहिली, मासळीवर ओलं फडकं टाकून. पूल उभा राहिला आणि ती बरोबर त्याच्या खाली आली. पावसात अंगावर थेंब नाही, उन्हाळ्यात गार सावली. आणि मी कोपऱ्यावर, भर उन्हात.

तिने माझं काही हिसकावलं नव्हतं. जागा मीच सोडली होती. पण अशाच गोष्टीचा जास्त जळफळाट होतो — नाही का? दोष द्यायला कुणी सापडत नाही म्हणून.

दुपारपर्यंत माझ्या बर्फाचं पाणी व्हायचं. बोंबील लिबलिबीत पडायचे, पडेल त्या भावात देऊन टाकायचे. तिचा सरंगा संध्याकाळीही चकचकीत. कंपन्या सुटल्या की माणसं सरळ तिच्याकडे — "सुमनदीदी, अच्छावाला देना." शाळेतल्या एक बाई माझ्या अगदी बांधलेल्या गिऱ्हाईक. एकदा त्या माझ्याशी दोन शब्द बोलल्या, पदराने घाम पुसला आणि सावलीत उभं राहायला पलीकडे गेल्या. कोलंबी तिच्याकडून घेतली.

सुमनला दिसत होतं सगळं. "ये गो इकडं," ती म्हणायची, "मी सरकते थोडी. दोघी बसू." कितीदा म्हणाली. माझं उत्तर ठरलेलं — माझी गिऱ्हाइकं कोपऱ्यावर येतात. खरं कारण? तिने सरकून दिलेल्या जागेत बसायचं, या विचारानेच माझा जीव जळायचा.

मग पूल पाडायची चर्चा सुरू झाली. गावाबाहेरून नवा रस्ता झाला होता, ट्रक तिकडून जायला लागले होते. दुकानदार म्हणत, या पुलाने बाजार अंधारात घातला, काढून टाका. कंपनीत जाणारे म्हणत, काढलात तर बाजारातच अडकून पडू. खाली बसणारे म्हणत, आम्ही कुठे जायचं? चहाच्या टपरीवर लोक हमरीतुमरीवर यायचे. मी? मी कुणाच्याच बाजूची नव्हते. मला फक्त तिच्या डोक्यावरची ती सावली नको होती.

शेवटी सरकारी साहेब लोकांनी सगळ्यांना एका हॉलमध्ये बोलावलं. आदल्या दिवशी पहाटे, आजूबाजूला कुणी नसताना, टेम्पोतून पेटी उतरवताना माझा पाय घसरला होता आणि मागच्या लोखंडी फाळक्याची कड कपाळात घुसली होती. टाके पडले होते, वर पट्टी होती. सुमन त्या दिवशी बाजारात आली नव्हती. तिला वाटलं असेल, घरातच कुठे तरी लागलं.

हॉलमध्ये ती उभी राहिली. कधी माईकपुढे न बोललेली बाई.

"साहेब, तुमच्या गाड्या वरून जातात, आमचं पोट खाली चालतं. पूल काढायचा तर काढा. पन आमी बसायचं कुठं, ते आधी सांगा."

टाळ्या पडल्या. साहेबांनीही मान हलवली. त्या शाळेतल्या बाई — त्याही टाळ्या वाजवत होत्या. मला तेवढंच दिसलं. आणि मी उठले.

"साहेब, हे बगा." मी पट्टीवर बोट ठेवलं. "काल पहाटे पुलाखालून जाताना वरचा तुकडा माज्या डोक्यात पडला. खाली मानसं बसतात. उद्या कोन मेला तर?"

मोबाइल वर झाले, फोटो निघाले. सुमन माझ्याजवळ आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मला बोलली का नाय गो?" मी खाली बघितलं. लोकांना वाटलं, घाबरलीय. ती साहेबांकडे वळली, म्हणाली, "मी बोलले ते सोडा. पाडा तो पूल."

तेव्हा तरी बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं — खोटं आहे. माझं तोंड उघडलं नाही. का उघडलं नाही माहीत आहे? कारण आता सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ते मला आवडत होतं.

पुलाखाली पत्र्यांचं कुंपण लागलं. बसणाऱ्यांना उठवलं. पुढे पूलही पाडला. तपासणीत म्हणे तो काही ठिकाणी खरंच कमकुवत निघाला. पण मी खोटं बोलले तेव्हा मला कुठे ते ठाऊक होतं? कोपऱ्यावर ओटे बांधले, वर छप्पर घातलं, मला त्यातला एक मिळाला. ओटे कमी पडले, सुमनचा नंबर लागला नाही. ती आता डोक्यावर पाटी घेऊन इमारतींचे जिने चढते. गुडघे सुजतात. दमली की माझ्या ओट्यावर टेकते, पाणी पिते आणि माझ्या गिऱ्हाइकांना सांगते, "हिच्यामुळं लोकांचा जीव वाचला."

मागच्या आठवड्यात शाळेतल्या त्या बाईंच्या घरी सरंगा पोचवायला गेले. दार उघडंच होतं. सुमन आत पंख्याखाली बसली होती, हातात चहाचा कप. बाई तिच्याशी हसत बोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, ठेवा तिथे. मी पिशवी दाराशी ठेवली. आणि माझ्या पोटात पुन्हा तसंच पेटलं — तेवढंच, त्याच जागी. जिना उतरताना मी विचार करत होते, या बाईंना सुमनबद्दल काय सांगता येईल.