दीडशे काय?

तेल तपासणीच्या खोलीत बाईंचा दरारा होता तो एका प्रश्नापायी. कुणी नुसता आकडा सांगितला, की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "दीडशे काय? मैल की बटाटे?" एकक न लिहिलेला कागद त्या सरळ परत पाठवत. सव्वीस वर्षं तेलाचा घट्टपणा मोजत आल्या होत्या. अवघी खोली त्यांना पाठीमागे 'एककबाई' म्हणायची आणि त्यांना ते ठाऊकही होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी त्या कपाटाचा खालचा खण आवरत होत्या. जुना, कडा कुरतडलेला तक्ता हाती आला. डावीकडे सेकंद, उजवीकडे सेंटिस्टोक्स, म्हणजे घट्टपणाचं आजचं एकक. पूर्वी ठराविक माप तेल बारीक भोकातून गळायला किती सेकंद लागतात, त्यावरून घट्टपणा सांगत. बाईंची नजर सहज एका ओळीवर गेली. दीडशे सेकंद, समोर बत्तीस.

त्यांनी खण तसाच उघडा टाकला.

आठवड्यापूर्वी दादाचा फोन आला होता. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, पाणीपुरवठ्याच्या पंपघरातला जुना मेकॅनिक. "अगं, या जुन्या पंपाच्या पाटीवर तेलापुढे नुसतं दीडशे लिहिलंय. कुठलं घालू?" बाईंच्या हातात तेव्हा तीन नमुने होते, मान आणि खांद्यामध्ये फोन. "दीडशे म्हणजे दीडशेचंच घाल की," म्हणून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

सूत्राने पडताळायला त्यांनी कागद ओढला. दीडशे गुणिले शून्य पूर्णांक बावीस, तेहतीस. त्यातून एकशे पस्तीस भागिले दीडशे, म्हणजे शून्य पूर्णांक नऊ, वजा. बत्तीस पूर्णांक एक. पुन्हा केलं. तेच. आजकालचं दीडशेचं तेल म्हणजे दीडशे सेंटिस्टोक्स. पाचपट घट्ट! पंप जुना, पाटी जुनी, तिच्यावरचे दीडशे सेकंदच असणार.

दादा फोन उचलेना. वहिनीने उचलला. "ते पंपावरच आहेत. नवीन बेअरिंग बसवलंय ना, आज दुपारी सुरू करणार म्हणत होते."

बत्तीसच्या तेलाची बाटली, तळाला भोक असलेलं मोजणीचं भांडं आणि घड्याळ पिशवीत टाकून बाई निघाल्या. बस प्रत्येक थांब्यावर रेंगाळत होती. बसायला जागा होती, तरी त्या दाराशी उभ्या. शेवटी सिग्नलला उतरल्या आणि उरलेला रस्ता पदर खोचून जवळजवळ धावतच गाठला.

पंप सुरू होता. वीस मिनिटं झाली होती. दादाने बेअरिंगच्या आवरणावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"दादा, बंद कर. तेल चुकलंय."

"नवीन बेअरिंग आहे, गरम होणारच. तू इथे कशी?"

"पाटीवरचे दीडशे सेकंद आहेत. आपण पाचपट घट्ट तेल घातलंय. ते घुसळूनच तापतंय."

"संध्याकाळी गावाला पाणी द्यायचंय. साहेब डोक्यावर बसलेत. आणि चाळीस वर्षं काय मी झोपा काढल्या?"

बाई वाद घालत बसल्या नाहीत. भांडं कठड्यावर ठेवलं, बाटलीतलं तेल ओतलं, घड्याळ दादाच्या हातात दिलं. या भांड्याचं भोक तक्त्यातल्या जुन्या मापापेक्षा मोठं; अडतीस सेकंदांत भांडं रिकामं झालं. मग पुसून त्यात दादाच्याच डब्यातलं तेल ओतलं. एक मिनिट झालं. दोन झाली. तेल आपलं निवांत गळत होतं. तिसऱ्या मिनिटाला दादाने घड्याळ कठड्यावर ठेवलं आणि जाऊन पंप बंद केला.

आवाज थांबताच साहेब खोलीतून बाहेर आले. "कुणी बंद केला? हे तेल कुणी ठरवलं होतं?"

"मी," दादा म्हणाला.

"नाही साहेब," बाई पुढे झाल्या. "याने मला विचारलं होतं. मी एकक न विचारता सांगितलं. चूक माझी आहे."

दादाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की तसं लहानपणी खोडीचं बिंग फुटल्यावरही पाहिलं नसेल.

बेअरिंग उघडलं. चकाकी थोडी गेली होती, पण चरे पडले नव्हते. तेल काढून, धुऊन, बत्तीसचं भरलं. पाणी अडीच तास उशिरा सुटलं. साहेबांनी कळवल्यावर बाईंना त्यांच्या कचेरीतून लेखी समज मिळाली. तेल तपासणीच्या खोलीत कुणी हसलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

दादाचा राग मात्र वेगळाच. "चार महिन्यांत घरी बसणार होतो. माझं काय वाकडं होणार होतं? तुला अजून नऊ वर्षं काढायचीत. मध्ये तोंड घालायला तुला कुणी सांगितलं?"

"मग काय तुझ्या नावावर खपवू?"

यावर दादा उठून गेला. दोन आठवडे फोनही नाही. मग एका रविवारी स्वतःच आला. "चल, बाकीच्या पाट्या बघू."

दोघांनी तेरा यंत्रं पाहिली. बारांचा छडा लागला. तेराव्या पाटीवर नुसतं 'साठ'. सेकंद धरले तर फार पातळ, सेंटिस्टोक्स धरले तर मध्यम. त्या यंत्राला दोन्ही चालण्यासारखं. बाईंनी बनवणाऱ्या कंपनीला पत्र टाकलंय. उत्तर नाही. यंत्र सध्या बंदच ठेवलंय, आणि डाक आली की बाई हातातला नमुना ठेवून आधी दाराशी जातात.