छताची खिडकी जर्मनीहून येते आहे

कॅम्पर बाबांसाठी घेतोय, हे आम्ही दोघांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांना तर नाहीच. शेजारच्या डच जोडप्याला आणि नवऱ्याच्या ऑफिसात एवढंच सांगितलं की आता आम्हीही इथल्या लोकांसारखे चाकांवरचं घर घेऊन सुट्टीत हिंडणार.

खरी गोष्ट वेगळी होती. आई गेल्यानंतर बाबांना प्रोस्टेटचा त्रास सुरू झाला. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून त्यांना तासाभराच्या वर धरवत नसे. साताऱ्याहून पुण्याला यायचं म्हटलं तरी आदल्या संध्याकाळपासून ते पाणी पिणं बंद करत. मग त्यांनी बाहेरगावच्या लग्नाकार्यांना जाणंच सोडलं. कधी गुडघ्याचं कारण, कधी उन्हाचं. ते काही बोलत नसत आणि मीही विचारत नसे. ते तीन महिने आमच्याकडे येणार असं ठरलं, तेव्हा नवराच म्हणाला, "अगं, बाथरूम सोबत घेऊन फिरणारी गाडी असते की."

हार्लेमच्या पलीकडे एका डीलरकडून आम्ही सेकंडहँड कॅम्पर घेतला. पहिल्याच शनिवार-रविवारी पाऊस लागला आणि पलंगाच्या वरच्या छताला ओल आली. छतातल्या खिडकीची चौकट गळत होती. गाडी गॅरंटीत होती, त्यामुळे मे महिन्यात आम्ही ती डीलरकडे नेऊन सोडली. काउंटरवर एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस होता. त्याने आम्हाला कॉफी दिली, गाडीच्या रंगाचं कौतुक केलं आणि म्हणाला, दोन आठवडे. वर "कोम्त खूट" म्हणाला. म्हणजे होईल सगळं ठीक. या देशात ते दोन शब्द इतक्या ठिकाणी ऐकलेत की ते कानावर पडले की मी तारीख लिहून ठेवते.

मी घरी कपडे दुरुस्त करायचं काम करते. आमचं गाव, बाडहूव्हडॉर्प, विमानतळाला लागून आहे, त्यामुळे तिथल्या लोकांचे युनिफॉर्म माझ्याकडे येतात. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची चेन बदलायची. कामाच्या बाबतीत माणसं काय बोलतात आणि त्याचा अर्थ काय असतो, हे मला चांगलं कळतं. 'जवळजवळ झालंच आहे' याचा अर्थ कपडा अजून पिशवीतून बाहेर काढलेला नाही. दोन आठवडे उलटल्यावर मी फोन केला, तर तो पांढऱ्या केसांचा माणूस हसत म्हणाला, "जवळजवळ झालंच आहे, मॅडम." त्या क्षणी माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला.

पुढच्या वेळी खिडकी जर्मनीहून यायची होती. त्याच्या पुढच्या वेळी ती आली होती, पण मापात चूक होती. नंतर पुन्हा जर्मनीहून यायची होती. प्रत्येक वेळी आवाज तितकाच गोड. आम्ही परदेशी आहोत, भांडणार नाही, हे याने ओळखलंय असं मला वाटायला लागलं. शेजारीण म्हणाली, तसं काही नाही, आमच्या कॅरव्हॅनलाही मागच्या वर्षी असाच वेळ लागला होता, सगळीकडे मेकॅनिक कमी आहेत. ती सहज बोलली असेल, पण मला वाटलं, ही त्यांचीच बाजू घेते आहे.

जूनमध्ये एकदा मी न कळवता बसने तिथे गेले. कुंपणाबाहेरून चालत सगळं आवार पाहिलं. आमचा कॅम्पर आधी वर्कशॉपच्या दारासमोर जिथे उभा केला होता, तिथे आता दुसराच होता. आमचा मागच्या कुंपणापाशी, काटेरी झुडपांत ढकलून ठेवलेला. छतावरच्या भोकावर प्लास्टिक चिकटपट्टीने लावलं होतं आणि त्यात पाणी साचलं होतं. मी जाळीतून फोटो काढले. आत गेले नाही. आत गेले असते तर पुन्हा कॉफी मिळाली असती.

घरी येऊन नवऱ्याला फोटो दाखवले. "बघ, आपल्याला मागे टाकलंय."

"जागा नसेल गं त्यांच्याकडे," तो म्हणाला आणि फोन माझ्या हातात परत दिला. फोटो त्याने मोठा करूनही पाहिला नाही.

आता हा माणूस असा की कुरियर एक दिवस उशिरा आलं तरी कंपनीला तीन परिच्छेदांची मेल लिहितो. आमच्या नळाच्या बिलावरून त्याने महिनाभर पत्रव्यवहार केला होता. आणि इथे, आख्खी गाडी झुडपांत पडली असताना, 'जागा नसेल'. मी त्याच्याकडे नीट बघायला लागले. डीलरचा विषय काढला की तो उठून फ्रिज उघडायचा. एकदा डीलरचा फोन आला, तर बोलायला बाहेर बागेत गेला आणि काचेचं दार ओढून घेतलं. पाठमोरा उभा राहून मान हलवत होता. आत आल्यावर म्हणाला, "काही नाही, तेच नेहमीचं."

माझ्या मनात काय काय येऊन गेलं. नोकरी गेली आणि याने गाडी परत विकली की काय. त्या माणसाशी मिळून काही ठरवलंय की काय. आणखीही काही आलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्याला सरळ विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

जुलैच्या सुरुवातीला बाबा आले. विमानात त्यांनी कडेची सीट मागून घेतली होती. आमच्याकडे आल्यावर ते सकाळी सुपरमार्केटपर्यंत आणि दुपारी तळ्यापर्यंत चालत. दोन्ही ठिकाणांहून घर जवळ होतं. एकदा त्यांना ॲमस्टरडॅम दाखवायला निघालो, तर तिसऱ्या थांब्यावर त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "परत जाऊ या का? डोकं दुखतंय." आम्ही परतलो. घरात शिरताच ते बूट न काढता आत गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, म्हणजे त्यांना वाटावं की माझं लक्ष नाही.

तेवढ्यात इथली मोठी सुट्टी लागली. सगळा देश एकदम रजेवर. डीलरकडचं वर्कशॉपही तीन आठवडे बंद. बाबांच्या तीन महिन्यांतला एक असाच सरला.

वर्कशॉप उघडल्याच्या दिवशी मी नवऱ्याला न सांगता पुन्हा जायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "मी येऊ का?" मी सहज बोलल्यासारखं सांगितलं, "या की. बस थेट जाते, आणि तिथलं बाथरूम छान स्वच्छ आहे." ते आले.

डीलरकडे पोचताच बाबा आत गेले आणि मी बाकावर बसले. काउंटरवर कुणी नव्हतं. शेजारी सत्तरीतली एक डच बाई बसली होती, मांडीवर गुंडाळलेली ताडपत्री. बाबा बाथरूममधून बाहेर येताना तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला म्हणाली, "माफ करा हं. तुमच्या घरातल्या कुणाचा कॅम्पर इथे आहे का? एक भारतीय गृहस्थ, चष्मा आहे, खूप हळू आवाजात बोलतात?"

"ते माझे मिस्टर असतील," मी म्हटलं. "का?"

तिने माझा हातच धरला. सांगायला लागली. वादळात फांदी पडून त्यांच्या गाडीच्या छताची खिडकी फुटली होती. तिच्या नवऱ्याच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली. त्याआधी त्याला एकदा नॉर्वे पाहायचं होतं. इथे आले तर खिडकी मिळायला कित्येक आठवडे लागणार होते. त्याच वेळी आमची खिडकी येऊन पडली होती आणि माझा नवरा काउंटरपाशी उभा होता.

"त्यांनी आमचं बोलणं ऐकलं," ती म्हणाली, "आणि लगेच म्हणाले, ही यांना द्या. आम्ही नॉर्वेला जाऊन आलो. ऑपरेशनही चांगलं झालं. आता नवरा घरी बसून दिवसभर कुरकुर करतो! तुमची खिडकी तर केव्हाच बसली असेल ना?"

मी म्हटलं, "हो, झालंच आहे जवळजवळ."

बाबांना डच कळत नव्हतं. ते त्या बाईकडे पाहून हसले, तीही हसली.

पांढऱ्या केसांचा माणूस बाहेर आला. मी उभी राहिले. "जूनमध्ये आमची खिडकी आली होती. ती तुम्ही दुसऱ्यांना दिलीत."

त्याचा चेहरा लाल झाला. "तुमच्या मिस्टरांनी सांगितलं नाही तुम्हाला? त्यांची संमती होती. मी त्यांना म्हटलं होतं की दुसरी आठवड्याभरात येईल."

"मग?"

"आली नाही. त्यांनी मला विनंती केली होती की घरी याबद्दल बोलू नका."

"कधी येईल?"

त्याने कॉम्प्युटरवर ऑर्डर शोधली. मग म्हणाला, "मला माहीत नाही." इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य होतं ज्यावर मी विश्वास ठेवला.

संध्याकाळी नवरा घरी आला. बाबा वर त्यांच्या खोलीत होते. मी स्वयंपाकघराचं दार लावलं, पण इथल्या घरांचे मजले लाकडी, आवाज सगळीकडे जातो.

"नॉर्वेला कोण गेलं होतं?" मी विचारलं.

तो खुर्चीत बसला. लॅपटॉपची बॅग खांद्यावर तशीच. "तो म्हातारा माणूस समोर उभा होता गं. ओठ निळे पडले होते त्याचे. काय म्हणणार होतो मी?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू फोन करून खिडकी परत मागितली असतीस."

"मागितलीच असती! माझ्या बापाला तासातासाला जावं लागतं, म्हणून घेतली ना ती गाडी? तो माणूस इतकी वर्षं घराबाहेर पडलेला नाही. आणि तू ती खिडकी कुणालाही वाटून टाकलीस!"

दार उघडलं. बाबा उभे होते, हातात पाण्याचा रिकामा तांब्या. त्यांनी तांब्या ओट्यावर ठेवला.

"माझ्यासाठी घेतली होय गाडी?" ते म्हणाले. नवऱ्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. ते वर निघून गेले. रात्री जेवायला आले नाहीत. नवऱ्याने ताट नेऊन दारात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबा खिडकीबाहेर बघत बोलले, "मला वाटायचं, कुणाला कळत नाही." मग नवऱ्याकडे वळले. "अहो, त्यांना दिलीत ते बरं केलंत. मीही दिली असती. पण हिला सांगायला हवं होतं." नवऱ्याने मान हलवली. मला वाटलं आता संपलं, पण बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू मला विचारायला हवं होतंस. गाडी घ्यायच्या आधी."

त्या शनिवारी आम्ही दोघं डीलरकडे गेलो. बोलला नवराच. आवाज तोच हळू, पण हलायला तयार नव्हता. म्हणाला, "आमचे पाहुणे सप्टेंबरअखेर परत जाणार आहेत. खिडकी नसेल तर दुसरी गाडी द्या. मी इथेच बसतो." आणि तो खरंच बसला. कॉफी आली, त्याने ती नको म्हटलं. बऱ्याच वेळाने पांढऱ्या केसांच्या माणसाने एक किल्ली आणून टेबलावर ठेवली. त्यांच्याकडचा भाड्याचा जुना कॅम्पर, आठवडाभरासाठी, शाळा सुरू होऊन सुट्टीची गर्दी ओसरल्यानंतर.

इतकं सहज कसं दिलं, याचा मला संशय आलाच. गाडी घ्यायच्या दिवशी मी तिचा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक पोचा मोबाईलवर शूट केला. टपावरचाही, नवऱ्याला वर चढायला लावून. तो लाजून इकडेतिकडे बघत होता. आत कुत्र्याचा वास येत होता. बाथरूमचं दार मात्र नीट लागत होतं, ते मी चारचारदा लावून पाहिलं.

आम्ही दक्षिणेच्या झीलंड प्रांतात गेलो, समुद्राच्या कडेकडेने. पहिला तास बाबा सीटवर ताठ बसून होते. मग मागून हाक आली, "जरा थांबवता का?" नवऱ्याने रस्त्याकडेच्या पार्किंगला गाडी घेतली. बाबा मागे गेले, आले, पुन्हा बसले. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच बाटली उघडली आणि घटाघटा पाणी प्यायले, अर्धी बाटली. मी आरशातून बघत होते, मान वळवली नाही. पाचव्या दिवशी समुद्राच्या बांधावर उभं राहून त्यांनी विचारलं, "इथून पुढे काय लागतं?"

"पुढे बेल्जियम," नवरा म्हणाला.

"लांब आहे का?"

"नाही हो, बाबा."

"मग जाऊन येऊ."

बाबा सप्टेंबरअखेर परत गेले. आमचा कॅम्पर नोव्हेंबरमध्ये मिळाला. पांढऱ्या केसांच्या माणसाने सोबत चॉकलेटचा डबा दिला. कशासाठी, हे मला अजून नीट कळलेलं नाही. गाडी घरासमोर उभी केल्यावर मी आत पलंगावर आडवी झाले, टॉर्च छताकडे धरला आणि नवऱ्याला बागेतल्या नळीने वरून पाणी सोडायला सांगितलं. खिडकी नवी दिसत होती, पण पुसून लखलखीत केलेली जुनीही तशीच दिसते. पाणी धोधो पडत होतं. मी चौकटीच्या चारही कोपऱ्यांत बोट फिरवलं. कोरडं.

"झालं का समाधान?" तो बाहेरून ओरडला.

"अजून थोडं सोड," मी म्हटलं.