शर्यतीनंतरची तुफानी

तुफानी घरात बसतच नाही. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून दारापाशी, पुन्हा हॉलमध्ये. सांगलीकडच्या शर्यतींत चार वर्षं धावलेली ही उंच, सडपातळ कुत्री. पाय दुखावला तेव्हा तिला पाळणारे माझे मामा म्हणाले, "हिचा आता काय उपयोग? न्यायची तर ने बाई." मी आणली. महिनाभर तिच्या नखांची टकटक ऐकून माझाही जीव थाऱ्यावर नाही.

काल सकाळी शाळेचं मैदान रिकामं दिसलं, म्हणून पट्टा सोडला. किंचित लंगडत तिने एक फेरी मारली, परत आली आणि मान खाली घालून माझ्यापुढे उभी राहिली. शर्यत संपली की तिला लगेच बांधत असणार.

"जा गं, खेळ," मी म्हटलं. ती हलेना. धावायचं, नाहीतर बांधून घ्यायचं. यांच्या मधलं काही तिला ठाऊकच नव्हतं. मला तरी कुठे आहे? रविवारी जरा रिकामी बसले की मी कपाटं आवरायला काढते.

मी पट्टा पिशवीत टाकला आणि तिथेच मातीत बसले. बराच वेळ ती उभीच होती. मग हळूच वळली, कुंपणापाशी गेली आणि उगाचच गवत हुंगू लागली.