‘नाही’ ऐकून घेणारे एलियाकाका

एलियाकाका गेल्याचं मला चर्चच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कळलं. दळण आणायला गेले होते, गिरणीत रांग होती, म्हणून फोन उघडला. वर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक आणि खाली पाळकसाहेबांचा निरोप. माझी शाळा सातवीत सुटली. वाचायला अजूनही वेळ लागतो, त्यामुळे केक आधी कळला आणि मरण नंतर. दळण घेतलं, घरी आले, पीठ डब्यात भरलं आणि मग खाली बसले. रडू आलं नाही. एवढंच वाटलं, की पुण्यात आमच्या घराची आठवण ठेवून चौकशी करणारा एक माणूस कमी झाला... याला आता काही आठवडे झाले, म्हणून लिहायला बसले आहे. चुकलं तर मुलगी दुरुस्त करील.

आम्ही मूळचे जालन्याकडचे. माझे वडील, आबा, खेड्यापाड्यांतून सुवार्ता सांगत फिरणारे प्रचारक होते. लग्न होऊन मी हडपसरला आले, कारण नवरा तिथल्या कारखान्यात लागला होता. गावी एखाद्या रविवारी चर्चला गेलं नाही तर दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला ठाऊक व्हायचं. कोणीतरी दारात येऊन ‘काय गं माय, बरं नाही का?’ म्हणून जायचं. पुण्यात तसं कोणी येत नाही. सुरुवातीला मला त्याचीच धास्ती होती, की इथे माणूस देवापासून निसटला तरी शेजारच्या बाकावरच्याला पत्ता लागणार नाही. मुलगी झाली, तिचं नाव रूथ ठेवलं, आणि ती धास्ती तिच्या नावावर चढली. लहान होती तोवर सोपं होतं. चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, बायबलची वचनं घडाघडा म्हणायची, नाताळात देवदूत व्हायची. चौदावं-पंधरावं लागलं आणि गप्प झाली. तेव्हा आमच्याकडे शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. रूथचा क्लास नेमका रविवारी सकाळी, उपासनेच्या वेळेला. नवरा म्हणायचा, कॉम्प्युटर शिकली तर तिला आपल्यासारखे दिवस येणार नाहीत. मलाही तेच हवं होतं. मला चर्चही हवं होतं. रोज संध्याकाळी मी तिच्यामागे भुणभुण लावायची आणि ती कानात वायरी घालून बसायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात बाळाचा बाप्तिस्मा होतो तो आईबापांच्या विश्वासावर. पुढे मूल मोठं झालं, की त्याने स्वतः सगळ्या मंडळीपुढे उभं राहून ‘हो, माझा विश्वास आहे’ असं म्हणायचं असतं. बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात आणि तेव्हापासून त्याला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत पुढे जाऊन मिळणारी भाकर आणि द्राक्षारस, घेता येतं. त्याला दृढीकरण म्हणतात. त्याआधी मुलांचा वर्ग चालतो, आणि आमच्या चर्चमध्ये तो वर्ग एलियाकाका घ्यायचे. काका येरवड्याला राहायचे. नोकरी एका कारखान्यात झाली होती, तयार झालेला माल तपासून पास-नापास करण्याची. निवृत्त झाले तरी बघण्याची तऱ्हा तीच. चष्म्यावरून माणसाकडे असे बघायचे, की आपल्याला कुठेतरी चीर गेली आहे असं वाटावं.

रूथ त्या वर्गाला गेली, कारण मी पाठवली. तो शनिवारी संध्याकाळी असायचा, तेव्हा क्लासची सबब चालली नाही. मला वाटलं, सुटले. मी जालन्याला निरोप धाडले, आबांना, दोन्ही भावांना, मावशीला. पांढरी साडी घेतली, पोलकं स्वतः शिवलं, मटणाचं सांगून ठेवलं. आमच्याकडे हे असंच चालतं. मुलाने काय म्हणायचं ते ठरलेलंच असतं, विचारायचं काय त्यात? मीही रूथला विचारलं नव्हतं.

काकांची एक पद्धत होती, ती मला तोवर माहीत नव्हती. बिशपसाहेब यायच्या आधीच्या वर्गात ते प्रत्येक मुलाला एकट्याला चर्चच्या मागच्या खोलीत घेऊन बसायचे आणि उद्याचे प्रश्न आजच विचारायचे. म्हणायचे, नाही म्हणायचं असेल तर इथे म्हणा, तिथे माइक असतो. सगळी मुलं हसत हो म्हणून बाहेर यायची. इतक्या वर्षांत वेगळं काही झालं नव्हतं म्हणे. रूथ नाही म्हणाली.

त्याच संध्याकाळी काका आमच्या घरी आले. घर पाहुण्यांनी भरलं होतं, मी करंज्या तळत होते. त्यांनी चहा घेतला, आबांना सलाम केला, प्रवासाची विचारपूस केली आणि मग शांतपणे म्हणाले, “उद्या रूथ उभी राहणार नाही.”

मी झारा तसाच धरून उभी राहिले. विचारलं, तिने काय केलं? काका म्हणाले, “काही नाही केलं. ‘विश्वास आहे का’ विचारलं, तर म्हणाली, मला अजून माहीत नाही, आणि माहीत नसताना हो म्हणणार नाही. अहो सुमनबाई, इतकी वर्षं मी हा प्रश्न विचारतोय. आज पहिल्यांदा कोणीतरी तो ऐकला.”

माझा धाकटा भाऊ म्हणाला, पोरीची जात, दोन शब्द म्हणायला काय झालं, समजावून सांगू. काका त्याच्याकडे वळून म्हणाले, समजावलंत तर ती म्हणेलही, पण मग तिचं दृढीकरण नाही, तुमचं होईल, आणि तुमचं एकदा झालेलं आहे. मी आबांकडे बघत होते. आयुष्यभर लोकांना विश्वास ठेवा म्हणून सांगत फिरलेला माणूस, आणि नात असं म्हणते... आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “मंग मटणाचं काय करायचं?”

“मटणाला दृढीकरण लागत नाही,” काका म्हणाले.

आबा आधी हसले, मग बाकीचे. मी हसले नाही. मला ते फार लागलं होतं. दुसऱ्या दिवशी बाकीची मुलं पांढऱ्या कपड्यांत पुढे रांगेत, आणि माझी मुलगी रोजच्या सलवार-कमीजमध्ये मागच्या बाकावर. पण ती आली होती. काकांनीच तिला सांगितलं होतं म्हणे, नाही म्हणणाऱ्याने घरी बसायचं असं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही. ते स्वतः तिच्या शेजारी बसले होते, वर्गाचे शिक्षक असून पुढे गेले नाहीत. बायका मान वळवून बघत होत्या. मी गीतपुस्तकात डोकं घातलं.

पुढच्या वर्षी नवा वर्ग सुरू झाला तेव्हा काकांनी रूथला मदतीला बोलावलं. चर्चच्या कमिटीत कुरकुर झाली. जिचं स्वतःचं दृढीकरण नाही ती दुसऱ्यांच्या वर्गात काय करणार? काका म्हणाले, हो म्हणणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत, प्रश्न विचारणारी एक लागते. रूथ जायची. मी जा म्हटलं नाही तरी जायची. तिथे मुलं काय काय विचारायची, देव आहे तर अमक्याची आई का मेली इथपासून पुढे, ते मला फार नंतर कळलं. तेव्हा मी बाहेर पायरीवर बसायची आणि वर्ग सुटला, की काकांना गाठायची. काही बोलली का? बदलली का? एकदा ते वैतागले. म्हणाले, “बाई, मी पोस्टमन नाही. तुम्हाला काय हवंय? तिने मानावं, की तिने मानलं असं लोकांना दिसावं?” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. म्हणाले, तुम्ही पहाटे उठून प्रार्थना करता, ती बघते. तेवढं चालू ठेवा. फक्त तिला दिसावं म्हणून करू नका, पोरांना लगेच कळतं.

तेव्हापासून मी बोलणं कमी केलं. धास्ती गेली नाही, पण तोंड बंद ठेवायला शिकले, आणि माझ्यासारखीला तेच पुष्कळ होतं. रूथ इंजिनिअर झाली, नोकरी लागली, कंपनीने मध्ये चेन्नईला पाठवलं, परत आली. लग्न केलं. चर्चला येते, कधी येत नाही. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पुढे जातात तेव्हा जागेवरच बसून राहते, डोळे मिटून. त्या वर्षीच्या रांगेतले बाकीचे आता चर्चमध्ये दिसत नाहीत, कुठे आहेत ते मी विचारत नाही. त्यांच्या आया भेटतात तेव्हा विषय बदलतात. काकांचे उपकार मला अशा वेळी आठवायचे, पण तोंडाने मी त्यांना ते कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी खोचक बोलून परत पाठवलं असतं.

दफन झाल्यावर येरवड्याला त्यांच्या घरी सांत्वनाची प्रार्थना झाली. गाणी झाली, वचन झालं, मग पाळकसाहेब म्हणाले, कोणाला आठवण सांगायची असेल तर सांगा. दोघा-तिघांनी सांगितली, काका किती शिस्तीचे वगैरे. मग रूथ उठली. मला वाटलं, पाणी प्यायला उठली असेल.

ती म्हणाली, “दर वर्षी बिशपसाहेब यायचा आठवडा आला, की काकांचा मला फोन यायचा. चेन्नईला होते तेव्हासुद्धा. दुसरं काही बोलायचे नाहीत. ‘काय मग रूथबाई, हो की नाही?’ मी म्हणायचे, नाही काका. मग म्हणायचे, ‘बरं. जेवलीस का?’ आणि ठेवून द्यायचे. एका वर्षी मी म्हणाले, माहीत नाही. तर म्हणाले, ‘प्रगती आहे.’” लोक हसले. तीही हसली. “पुढच्या महिन्यात बिशपसाहेब येतायत. एवढंच,” म्हणाली आणि खाली बसली.

इतक्या वर्षांत मला या फोनचा पत्ता नव्हता. दोघांपैकी कोणी मला सांगितलं नव्हतं.

परत येताना मी तिच्या स्कूटीवर मागे बसले होते. संध्याकाळची गर्दी होती, पुलाच्या आधी सगळं तुंबलेलं. मला राहवलं नाही. मी तिच्या खांद्याशी तोंड नेऊन विचारलं, काय मग, हो की नाही? ती काही बोलेना. मला वाटलं, हेल्मेटमुळे ऐकू गेलं नसेल, एका अर्थी बरंच झालं. गाड्या थोड्या पुढे सरकल्या, पुन्हा थांबल्या, तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, “आई, तू विचारलंस की मला हो म्हणावंसं वाटतं. तुला बरं वाटावं म्हणून. काका विचारायचे तेव्हा ‘नाही’ म्हणता यायचं.”

हडपसर आलं. गेटाशी मला उतरवून तिने गाडी वळवली आणि निघता निघता म्हणाली, “पण विचारत जा.”

हल्ली पोळ्या लाटताना घरात कोणी नसलं, की मी तो प्रश्न म्हणून बघते. काका विचारायचे तसा, काळजी न मिसळता, उत्तराची वाट न बघता, पुढचं ‘जेवलीस का’ सकट. जेवलीस का तेवढं बरोबर येतं. आधीचं ‘हो की नाही’ अजून जमत नाही...